कुयाबा: बंद पडूनही उभा राहिलेला क्लब

ब्राझीलच्या फुटबॉलविषयी आपल्याकडे जे काही लिहिले-वाचले जाते ते बहुतेक रिओ आणि साओ पाउलो या दोन राज्यांभोवतीच फिरते. फ्लामेंगो, कोरिंथियन्स, सांतोस हे सगळे शंभरी ओलांडलेले क्लब. मला मात्र गेली काही वर्षे ओढ आहे ती देशाच्या पश्चिमेकडील माटो ग्रोसो राज्याच्या राजधानीत 2001 साली जन्मलेल्या कुयाबा या क्लबची. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी अठराव्या शतकात वसवलेले हे शहर आज सोयाबीनच्या मुलखाचे केंद्र आहे, आणि तिथला पारा चाळिशीपार जाणे ही काही बातमी नसते. अशा ठिकाणी उभ्या राहिलेल्या या क्लबचा सगळा इतिहास एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडला. मुंबईत राहून ज्यांनी एकामागून एक संघ बंद पडताना पाहिले, त्यांना तो फार जवळचा वाटेल.

क्लबची सुरुवात झाली ती लुईस कार्लोस टोफोली, म्हणजेच ‘गाऊशो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माजी आघाडीपटूच्या प्रशिक्षण शाळेतून. 1992 साली ब्राझीलचे विजेतेपद मिळवणाऱ्या फ्लामेंगोच्या संघात तो होता. पण जुने प्रेक्षक त्याला ओळखतात ते 1988 मधील एका रात्रीमुळे. तेव्हा तो साओ पाउलोच्या पाल्मेरास क्लबकडून खेळत होता आणि रिओतल्या माराकाना मैदानावर समोर फ्लामेंगो होता. सामना संपत आला असताना गोलरक्षक झेटीचा पाय मोडला, आणि बदली खेळाडू उरले नसल्यामुळे गाऊशोने हातमोजे चढवले. फ्लामेंगोने बरोबरी साधली. त्या मोसमात बरोबरीचे सामनेही पेनल्टीवर निकाली काढले जात असत. त्या पेनल्टींमध्ये या आघाडीपटूने दोन फटके अडवून सामना जिंकून दिला. अंगावर येऊन पडेल ते काम करायचे, हा त्याचा स्वभाव मला क्लबच्या स्थापनेतही दिसतो. कुयाबाने 2003 आणि 2004 अशी लागोपाठ दोन वर्षे राज्य विजेतेपद पटकावले. व्यावसायिक फुटबॉलमधली ती त्याची अगदी पहिली पावले होती.

त्यानंतर मात्र पैसा आटला. 2006 पासून संघ मैदानात उतरलाच नाही, आणि ही स्थिती जवळजवळ तीन वर्षे टिकली.

इथे मला मुंबईचा विचार केल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडचा फुटबॉल बऱ्याच अंशी कंपन्यांच्या संघांवर उभा होता. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा ही नावे हारवूड लीग आणि रोव्हर्स चषक या मुंबईतल्या जुन्या स्पर्धांच्या काळात कूपरेज मैदानावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असत. पुढे महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि 2010 साली तो संघ बंद झाला. 2007 मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी 2017 साली आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत तळाला राहिला आणि त्यानंतर तोही इतिहासजमा झाला. संघ गुंडाळला गेला की त्याच्यासोबत त्याची जर्सी, त्याचे प्रेक्षक आणि धाकट्या वयोगटातल्या मुलांची उमेदही गुंडाळली जाते. म्हणूनच कुयाबा परत कसा आला, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

त्याचे एक उत्तर म्हणजे ड्रेश कुटुंब. टायर रिमोल्डिंगसाठी लागणाऱ्या रबराचा त्यांचा व्यवसाय आहे. आधी प्रायोजक म्हणून आलेल्या या कुटुंबाने 2009 मध्ये क्लब ताब्यात घेतला. ब्राझीलमधले बहुतेक मोठे क्लब त्या वेळी सभासदांच्या संस्था होत्या, ज्यांत अध्यक्ष निवडणुकीने ठरतो आणि मागच्या अध्यक्षाचे कर्ज पुढच्याच्या माथी येते. कुयाबा कुटुंबाच्या मालकीची कंपनी म्हणून चालला. फुटबॉल क्लबांना कंपनीचे रूप देणारा कायदा देशात 2021 साली आला, तेव्हा ही वाट कुयाबाच्या पायाखालची होती. पण केवळ मालक मिळाल्याने हे घडले असे मी म्हणणार नाही. त्याच 2009 साली ब्राझीलने राष्ट्रीय लीगची चौथी श्रेणी सुरू केली, त्यामुळे लहान राज्यातल्या क्लबलाही थेट वरपर्यंत जाणारी शिडी मिळाली. कुयाबाने 2011 मध्ये तिसरी श्रेणी गाठली आणि 2018 पर्यंत तो तिथेच राहिला. सात वर्षे एकाच पायरीवर थांबूनही मालकांनी हात आखडता घेतला नाही, ही गोष्ट मला चषकांहून मोठी वाटते.

दरम्यान शहरात आरेना पांतानाल उभे राहिले. 2014 च्या विश्वचषकाचे चार सामने तिथे झाले, आणि सोहळा संपताच चाळीस हजारांवर आसनांच्या या वास्तूला सगळीकडून पांढरा हत्ती म्हटले जाऊ लागले. शहरासाठी आखलेली ट्राम तर रुळांवर कधी धावलीच नाही. स्टेडियमला मात्र कुयाबाच्या रूपाने रहिवासी मिळाला. मे 2015 मध्ये याच मैदानावर कोपा व्हेर्दे या प्रामुख्याने उत्तर आणि मध्य-पश्चिम ब्राझीलमधल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीची दुसरी लढत रंगली. बेलेममधल्या पहिल्या लढतीत तिथल्या रेमो क्लबने 4-1 असा विजय मिळवला होता, म्हणजे चषक जवळपास त्यांच्या खिशात होता. घरच्या मैदानावर कुयाबाने 5-1 अशी बाजी मारली आणि एकूण 6-5 अशा फरकाने चषक जिंकला. त्या विजयाने पुढच्या वर्षीच्या कोपा सुदामेरिकाना या दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेचे दार उघडले, पण ती स्पर्धा पाहायला गाऊशो नव्हता. मार्च 2016 मध्ये कर्करोगाने त्याचे निधन झाले.

त्या स्पर्धेत कुयाबाने शापेकोएन्से या ब्राझीलच्याच क्लबला घरी 1-0 असे हरवले, पण परतीच्या लढतीत 3-1 अशी हार पत्करली. शापेकोएन्से पुढे अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, आणि त्या सामन्याला निघालेले त्याचे विमान नोव्हेंबरमध्ये कोलंबियातल्या मेदेयीनजवळ कोसळून 71 जणांचा मृत्यू झाला. ऑगस्टमध्ये समोर खेळलेली माणसे अशी गेली, हे कुयाबाच्या खेळाडूंनी कसे सोसले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढची चढण वेगाची होती. 2018 मध्ये तिसऱ्या श्रेणीचे उपविजेतेपद, 2019 मध्ये पुन्हा कोपा व्हेर्दे, आणि 2020 च्या मोसमात दुसऱ्या श्रेणीत चौथा क्रमांक. माटो ग्रोसोचा क्लब पहिल्या श्रेणीत दिसला तो तब्बल 35 वर्षांनी. तिथले पहिले पाऊल मात्र अडखळले. 2021 मध्ये जुव्हेंतुदेशी 2-2 अशी बरोबरी झाली आणि एकाच सामन्यानंतर प्रशिक्षक आल्बेर्तो व्हालेंतिम यांना काढून टाकण्यात आले. सात वर्षे धीर धरणाऱ्या मालकांना हे शोभले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही संघ टिकला. 2022 मध्ये तो सोळाव्या क्रमांकावर, म्हणजे घसरणीच्या रेषेच्या अगदी वर राहिला, तर 2023 मध्ये बारावा आला. तिथल्या संध्याकाळच्या लढती आपल्याकडे पहाटे सुरू होत, आणि अनेकदा त्या संपेपर्यंत खाली रस्त्यावर दूधवाल्यांची लगबग सुरू झालेली असे.

2024 च्या मोसमाअखेर कुयाबा पुन्हा दुसऱ्या श्रेणीत उतरला. पहिल्या श्रेणीत सलग चार मोसम काढणे ही या वयाच्या क्लबसाठी लहान गोष्ट नाही, पण प्रक्षेपणाचा पैसा आटल्यावर ड्रेश कुटुंब किती काळ खर्च करत राहील आणि ते दूर झाले तर आरेनात येणारे प्रेक्षक संघाला धरून ठेवतील का, हे येत्या काही मोसमांत कळेल. मी त्यांचे सामने पाहणे सोडलेले नाही.