सरहद्दीवरची पोळी

अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवरच्या एल पासोला राहायला आल्यावर मी पहिला स्पॅनिश शब्द शिकले तो 'धन्यवाद' नव्हे, 'मान्तेका', म्हणजे डुकराची चरबी. इथल्या गव्हाच्या तोर्तियांच्या, म्हणजे मेक्सिकन पोळ्यांच्या, कणकेत परंपरेने मोहन तिचेच असते, आणि आमच्या शाकाहारी घरातले पहिले पुडके पुरते संपल्यावर मी त्यावरची अक्षरे वाचली. आता कोपऱ्यावरच्या दुकानातल्या आजी मला पाहताच तेलातल्या तोर्तिया काढून देतात आणि 'मिहा' म्हणतात. आपल्या 'बाळ'मध्ये जी माया आहे, तीच त्यात आहे.

मेक्सिकोची मूळची भाकरी मक्याची. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवायचा, साल धुऊन काढायचे आणि दाणा ओलाच वाटायचा, ही रीत स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी शतके आधीची आहे. गहू आणि डुकरे त्यांच्याबरोबर सोळाव्या शतकात आली, आणि सोनोरा, चिवावा या उत्तरेकडच्या कोरड्या मुलखात गव्हाने चांगलेच मूळ धरले. सरहद्दीची खूण मानली जाणारी ही तोर्तिया अशी स्वतःच बाहेरून आलेली आहे, आणि तरीही रिओ ग्रांदे नदीच्या या काठावर अमेरिकेचा झेंडा लागला, तेव्हा तिला इथे कोणी नवखी म्हटले नसते.

तो झेंडा लागला अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या 1848 च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने. नदी हद्द ठरली आणि अलीकडच्या काठावरची माणसे जागची न हलता दुसऱ्या देशाची झाली. नदीला मात्र तह ठाऊक नव्हता. 1864 च्या पुरानंतर तिचे पात्र दक्षिणेकडे सरकले आणि त्यामुळे अलीकडे आलेल्या चामिसाल नावाच्या तुकड्याचा दोन देशांतला वाद मिटायला 1963 चा करार यावा लागला. 'एल पासो' हे नावसुद्धा आधी पलीकडच्या गावाचे होते. 1888 मध्ये त्याचे सिउदाद हुआरेस झाले. आज आमच्या शहरात दर पाचांतली सुमारे चार माणसे हिस्पॅनिक आहेत, दुपारच्या डब्याला सगळे इंग्रजीतून उचललेले 'लोंचे' म्हणतात, आणि तरीही आजींना कधीमधी कोणीतरी विचारतेच, की तुम्ही मूळच्या कुठल्या.

परवा उरलेल्या तोर्तिया कुस्करून मी फोडणीची पोळी केली आणि डबाभर आजींना नेऊन दिली. शिळ्या तोर्तियांचे तुकडे तळून मिरचीच्या रश्श्यात घोळवायचे, त्याला त्या चिलाकिलेस म्हणतात. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, तो रिकामा नव्हता. आत मिरच्यांचा लालभडक साल्सा होता, आणि निरोप एवढाच, की पुढच्या वेळी तिखटाला हात आखडू नकोस.