‘ताई, तो हिरा नाहीये’

2018 सालचा मार्गशीर्ष. लग्नसराईचे दिवस. रत्नपरीक्षेचा कोर्स करून रविवार पेठेतल्या त्या पेढीवर लागून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मालकांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. ते त्या दिवशी दुपारी जेवायला घरी गेले होते आणि काउंटर माझ्यावर होता.

पन्नाशीच्या पुढचे एक गृहस्थ आले. बसायच्या आधीच त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि मखमली ट्रेवर सोडली. आत एक सुटा खडा. गोल, पांढरा, छान चकचकीत.

"हे काय आहे सांगा."

"काका, कुठून घेतलाय? बिल वगैरे?"

"ते नंतर. आधी तुम्ही सांगा."

अशी गिऱ्हाइकं येतात. खड्याची नव्हे, आमचीच परीक्षा घ्यायची असते त्यांना. मीही जरा ताठले. खण उघडून पेन काढलं. हे पेन म्हणजे उष्णता मोजणारं साधं यंत्र. त्याचं गरम टोक खड्याला टेकवायचं. हिरा उष्णता झपाट्याने ओढून घेतो, मग पेनावरचे दिवे वर चढतात आणि ते वाजतं. काच, अमेरिकन डायमंड, पुष्कराज यांना टेकवलं तर ते ढिम्म राहतं.

टेकवलं. वाजलं. खात्रीसाठी पुन्हा टेकवलं, पुन्हा वाजलं.

"हिरा आहे काका," मी म्हटलं. वर आणखी एक शहाणपणाही केला. "साधारण एका कॅरेटचा असेल."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कपाळावरच्या आठ्या गेल्या, खांदे सैल पडले, त्यांनी चक्क पाणी मागितलं. मग उलगडा झाला. मुलीचा साखरपुडा पंधरा दिवसांवर आला होता. होणाऱ्या जावयाने अंगठीसाठी हा खडा मागवला होता आणि ‘खरा हिरा नाही’ असं आधीच सांगून टाकलं होतं. काकांना ते रुचलं नव्हतं. "आता कळलं. पोरगा उगाच कमीपणा घेतोय. खर्च केला तर आम्ही रागावू म्हणून."

तेवढ्यात गाडी लावून मुलगा आणि मुलगी दोघंही आत आले. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "हिरा आहे म्हणतायत ह्या!"

मुलगा गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. "ताई, तो हिरा नाहीये. मॉइसनाइट आहे. मी तसाच घेतलाय."

"अरे, मशीन सांगतंय!"

"मशीन काहीही सांगू दे. मी पैसे दिलेत ना? एवढ्या पैशात हिऱ्याचा चुराही येत नाही."

गिऱ्हाईक ‘हिरा आहे’ म्हणतंय आणि आम्ही ‘नाही हो’ म्हणतोय, हा रोजचा प्रसंग. उलटा प्रसंग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि चुकीच्या बाजूला मी होते. मॉइसनाइट हा शब्द ऐकताक्षणी कोर्सचं पुस्तक डोळ्यासमोर आलं. हिऱ्यासारखा दिसणारा हा वेगळाच खडा उष्णताही जवळजवळ हिऱ्यासारखीच ओढतो. 1998 च्या सुमारास तो दागिन्यांच्या बाजारात आला. हे पेन त्याच्या आधीच्या जमान्यातलं, काच आणि अमेरिकन डायमंड पकडण्यासाठी बनवलेलं. ते बिचारं त्याच्या परीने खरंच बोलत होतं.

मी भिंग घेतलं. हे आधी घ्यायला हवं होतं. दहापट भिंगाखाली खडा वरून सरळ बघितला तर काही दिसत नाही. मॉइसनाइट कापतानाच असा धरतात की वरून बघताना दुहेरीपणा लपावा. चिमट्यात धरून तिरका केला आणि कडेच्या पैलूतून तळाकडे बघितलं. तळाच्या पैलूंच्या रेघा दोन-दोन दिसल्या. हिऱ्यात असं कधी होत नाही, तो प्रकाश दुभंगत नाही. मग काट्यावर ठेवला. गेजवर व्यास साडेसहा मिलिमीटर. एवढा गोल हिरा एका कॅरेटच्या आसपास भरतो. हा भरला नव्वद सेंट, म्हणजे 0.90 कॅरेट. अमेरिकन डायमंड असता तर दीड कॅरेटच्याही वर गेला असता, कारण तो फार जड. सुट्या खड्याबद्दल मोजपट्टी आणि काट्यावरून बरंच कळतं. मी दोन्ही बाजूला ठेवून पेनाच्या पिपाणीवर भरवसा टाकला होता.

"काका, माझं चुकलं. हे बरोबर सांगतायत."

माझे कान गरम झाले होते. काकांचे खांदे पुन्हा वर चढले. मुलगी मात्र हसू दाबत होती.

आता काकांचा हट्ट सुरू झाला, की दुसरं काहीतरी दाखवा. खरा हिरा मुलाच्या बजेटात बसत नव्हता आणि सासऱ्यांनी पैसे घालणं त्याला नको होतं. लॅबमध्ये वाढवलेला हिरा तेव्हाही मिळत होता, पण महाग. (आता त्याचे भाव इतके कोसळलेत की आज हेच तिघं आले तर वेगळीच चर्चा होईल.) मी ट्रेमध्ये पांढरे खडे मांडले. पण आधी मुलीला विचारलं, "काम काय करतेस?"

"सिव्हिल इंजिनियर. साइटवर असते. मेट्रोच्या."

मग बरंच काही आपोआप ठरलं. साइटवर वाळू, सिमेंट, धूळ. वाळूत क्वार्ट्झ असतं, त्याचं काठिण्य दहाच्या मापावर 7. त्याहून मऊ किंवा तेवढाच कठीण खडा रोज घासला गेला की वर्षा-दोन वर्षांत त्याच्या कडा मारल्या जातात. खरा झिरकॉन तिथेच बाद. मोडीत आलेल्या एका अंगठीतला मी तिला दाखवला. पैलूंच्या कडा झिजून कागदाच्या चुरगळलेल्या घडीसारख्या झालेल्या. इथे बाजारातला एक घोळ सांगायलाच हवा. दुकानात ‘जर्कन’ म्हणून जे देतात तो बहुतेक वेळा झिरकॉन नसतोच, तो अमेरिकन डायमंड, म्हणजे क्यूबिक झिरकोनिया असतो. एक खाणीतला, दुसरा भट्टीतला, नुसती नावं सारखी. अमेरिकन डायमंड साधारण साडेआठ काठिण्याचा, स्वस्त, चार सणांना घालायला झकास. रोजच्या बोटावर तो हळूहळू धुरकट होतो.

टोपाझचं काठिण्य 8, ऐकायला बरं वाटतं. पण त्याला एका दिशेने फुटायची खोड असते. माझ्या हातून एकदा फरशीवर पडला तो सुपारी कातरावी तसा सरळ दोन तुकडे झाला होता. साइटवर लोखंडी सळईवर हात आपटणारच.

राहिला सफेद पुष्कराज, म्हणजे टोपाझ नव्हे, पांढरा सफायर. त्याच वेळी काकांच्या घरून फोन आला. ‘गुरुजी म्हणतात, शुक्रासाठी हिऱ्याऐवजी सफेद पुष्कराज चालतो.’ पत्रिकेच्या भानगडीत मी पडत नाही, पण खडा म्हणून तो वाईट नाही. काठिण्य 9, वाळूला दाद देत नाही. अडचण वेगळी आहे. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवायची ताकद, 1.77, हिऱ्याचा 2.42. प्रकाश आत जातो, पण हिऱ्यासारखा उसळून वर येत नाही. जरा उथळ कापलेला असेल तर मधोमध खिडकी दिसते, आरपार बोटाची कातडी. वर हाताचं तेल बसलं की आणखी मंद.

मी तिघांना घेऊन दुकानाच्या पायरीवर गेले. काउंटरवरच्या दिव्यांखाली बाटलीची काचही झगमगते, खडा नेहमी बाहेर सावलीत बघावा. समोरच्या चहावाल्याच्या छपराखाली मुलीने दोन बोटांच्या फटीत एकेक खडा धरून पाहिला. पुष्कराज शांत, पाण्याच्या थेंबासारखा. मॉइसनाइट सावलीतही जिवंत. उन्हाची तिरीप आली तेव्हा मात्र त्यातून लाल-निळ्या ठिणग्या उडाल्या.

"जरा जास्तच नाचतो," काका म्हणाले. त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. रंग फोडायची त्याची ताकद हिऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे, आणि आकार जितका मोठा तितकं ते जास्त जाणवतं. दोन-तीन कॅरेटएवढा मॉइसनाइट बोटावर नाटकातल्या दागिन्यासारखा दिसू शकतो. साडेसहा मिलिमीटरला ते खपून जातं. काठिण्य सव्वानऊ.

मुलीने पुष्कराज परत दिला. "हाच बसवा."

मग घडणीवर बोललो, आणि तिथे मी माझं म्हणणं रेटलं. उंच प्राँग, म्हणजे खडा धरणारी नखं, नकोत, हातमोज्यात अडकतात. चारी बाजूंनी सोन्याची कड आणि खडा बोटाला चिकटून बसलेला. थोडी चमक कमी होईल, होऊ दे. सोनं 18 कॅरेट, कारण 22 रोजच्या आदळआपटीला मऊ पडतं. काकांना हेही स्वच्छ सांगितलं, की पुढे मोडीत दिलीत तर पैसे सोन्याचे मिळतील, खड्याचे नाही. आणि आतला 750 चा, म्हणजे 18 कॅरेटचा, हॉलमार्क सोन्याबद्दल बोलतो, खड्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून खड्याचं नाव आणि वजन बिलावर लिहून घ्या.

"लिहा," मुलगाच म्हणाला. "मोठ्या अक्षरात लिहा."

एव्हाना आप्पा आले होते. काउंटरपाशी उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं, गिऱ्हाइकासमोर एक शब्द बोलले नाहीत. ते लोक गेल्यावर पेन उचलून खणात टाकलं आणि भिंगाची दोरी माझ्या गळ्यात अडकवली, एवढंच.

रात्री झोप येईना, म्हणून पुस्तक काढून बसले. आँरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला 1893 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उल्काविवरातल्या नमुन्यांत बारीक स्फटिक सापडले. त्याने ते आधी हिरेच समजले होते! ते सिलिकॉन कार्बाइड आहेत हे उलगडायला 1904 उजाडलं. पुढे त्याचंच नाव खड्याला लागलं. दागिन्यात येतो तो सगळा प्रयोगशाळेत वाढवलेला, निसर्गात तो अगदी चिमूटभर. सकाळी मी हे मोठ्या उत्साहाने आप्पांना सांगितलं.

"त्याला नोबेल मिळालंय ना?" आप्पांनी विचारलं.

"हो, 1906 मध्ये. पण दुसऱ्या कामासाठी."

"मग तूही दुसरं काम बघ. मोतीवाले दोनदा येऊन गेलेत."

महिन्याभरात मॉइसनाइट वेगळा दाखवणारं नवं यंत्र मात्र त्यांनी न मागता आणलं.

2021 मध्ये ती मुलगी अंगठी साफ करायला आली. सोबत काका, आजीच्या पाटल्या घेऊन. सोन्याची कड खरचटून पार निस्तेज झाली होती, खड्याच्या खालच्या बाजूला सिमेंटचा राखाडी थर घट्ट बसलेला. मशीनमध्ये धुऊन, पुसून भिंगाखाली धरली. पैलूंच्या कडा नव्यासारख्या. तिरकी केली तर तळाच्या त्या दोन-दोन रेघा.

मी खणाकडे हात नेलेला काकांनी पाहिला.

"पेन नका हो लावू," ते म्हणाले. "आत्ता कुठे घरात सगळं शांत झालंय."