स्टेट ४

बटणावर पॉजच्या दोन उभ्या रेघा होत्या. म्हणजे गोष्टी ऐकवणाऱ्या आमच्या ॲपच्या मते गोष्ट वाजत होती. कानात मात्र शुकशुकाट. मी आवाज वाढवला, हेडफोन काढून परत घातला, फोन उगाचच हलवून पाहिला. (कोड स्वतः लिहिलेला असला तरी आधी सगळे हेच करतात.) मग लॉग, म्हणजे ॲपच्या कारभाराची रोजनिशी, उघडला. 'स्टार्ट कॉल्ड इन स्टेट ४' (अवस्था ४ मध्ये असताना 'वाज' म्हटलं) अशी ओळ, आणि तिच्याखाली एरर -३८.

अँड्रॉइडमध्ये आवाज वाजवायचं काम करणारा मीडियाप्लेअर हा भारी शिस्तीचा गृहस्थ. त्याला नुसतं 'वाज' म्हणून भागत नाही. फाइल कुठली ते सांगा, तयारी करायला सांगा, तयारी झाली की तो स्वतः कळवेल, मग वाजवा. प्रत्येक अवस्थेला आकडा आहे. निवांत १, फाइल कळली २, तयारी चालू ४, तयार ८, वाजतोय १६. आकडे दुपटीने चढतात, कारण प्रत्येकीला स्वतःचा बिट (०-१ चा एक खण) दिलाय. अमुक काम कुठकुठल्या अवस्थेत चालेल, हे एका फटक्यात तपासता येतं. मी त्याला गाठलं ते ४ वर. अंगाला साबण लावलेल्या माणसाला हाताला धरून 'चल, निघू' म्हणावं, तसं.

-३८ ची कथा आणखी गमतीची. अँड्रॉइडच्या पोटातल्या मूळ लिनक्समध्ये या आकड्याचा अर्थ 'ही सोयच केलेली नाही'. अँड्रॉइडने तोच उचलून 'आत्ता हे करता येणार नाही' म्हणून वापरला. 'नाही' आणि 'आत्ता नाही' यांना एकच आकडा! मी अर्धा दिवस फाइलचा फॉरमॅट तपासत बसलो, तो या 'नाही'मुळेच.

त्यात हा बग माझ्यासमोर यायला लाजत होता. टेस्टरच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर हमखास, माझ्याकडे कधीच नाही. डीबगर (कोड मध्येच थांबवून बघायचं साधन) लावून 'वाज' म्हणणाऱ्या ओळीवर कोड थांबवला, तर मी स्क्रीनकडे टक लावून बघेपर्यंत तिकडे प्लेअरची तयारी उरकायची. पुढे सोडलं की गोष्ट खणखणीत सुरू.

खरा चोर निघाला ते बटण. 'वाजतंय की नाही' याची त्याने स्वतःची वेगळी नोंद ठेवली होती. बोट लागलं की 'वाजतंय' लिहून मोकळं. प्लेअरला विचारायची तसदी नाही. ॲपलकडे हेच काम करणाऱ्या एव्हीप्लेअरमध्ये 'वाजतोय' आणि 'थांबलाय' यांच्या जोडीला 'वाजायचंय, पण वाट बघतोय' अशी तिसरी अवस्था अधिकृतच आहे, ते मला फार समजूतदार वाटतं. आम्ही बटणाची खासगी वही काढून घेतली. आता ते प्लेअरला विचारतं आणि तयारी चालू असेल तर गोल गोल फिरत बसतं.

जाता जाता पॉज आणि स्टॉपचाही घोळ सापडला. पॉज म्हणजे बसल्या बसल्या डुलकी. हाक मारली की लगेच उठतो. स्टॉप म्हणजे दिवा मालवून झोपणं. परत उठवायचं तर सगळी तयारी पहिल्यापासून. कुणीतरी (मीच) पॉजच्या जागी स्टॉप लिहून ठेवलं होतं.

नवी आवृत्ती गेली आणि दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी टेस्टरचा निरोप: 'मी गोष्ट बंद केली होती. नंतर फोन आला. बोलून ठेवला, तर गोष्ट आपोआप सुरू झाली. मीटिंगमध्ये.' फोन आला की सिस्टीम आवाजाचा हक्क काढून घेते, संपला की परत देते. हक्क परत मिळाला की वाजवायचं, एवढं आम्ही इमानेइतबारे लिहिलं होतं. आधी गोष्ट थांबवली कुणी, फोनने की माणसाने, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.