तिकडच्या कार्यक्रमाचं परीक्षण इथं बसून कशाला?

लग्नात, तेरवीत, पालकसभेत, वडशाच्या बसस्टँडवर, कुठंही गाठ पडली की हा प्रश्न येतोच. "बाई, राहता गडचिरोली जिल्ह्यात आणि लिहिता त्या अमेरिकेच्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'च्या एपिसोडवर. आपली झाडीपट्टी दिसत नाही का तुमाले?" 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' म्हणजे तिकडच्या टीव्हीवरचा विनोदी स्किटांचा थेट कार्यक्रम, आणि झाडीपट्टी म्हणजे आमचा पूर्व विदर्भ आणि इथं गावोगाव रात्रभर चालणारी नाटकं. दर वेळी अर्धंमुर्धं सांगून मी सुटका करून घेतली. आज पूर्ण सांगते, म्हणजे पुन्हा कोणी विचारणार नाही. विचारतीलच, पण निदान माझ्याकडून सांगून झालेलं असेल.

आधी "तुम्हाला त्यातलं काय समजते" याबद्दल. सुरुवातीच्या राजकीय स्किटमधली निम्मी माणसं मला ओळखू येत नाहीत, त्यांच्यावर मी लिहीतच नाही. मी लिहिते ते समोर माणसं बसलेली असताना, रीटेक नसताना, हसवायला उभं राहण्याबद्दल. ते मला समजतं. हा कार्यक्रम 11 ऑक्टोबर 1975 पासून चालू आहे आणि त्याची रीत आजही जवळपास तीच आहे. बुधवारी वाचन होतं. शनिवारी संध्याकाळी आठला एका प्रेक्षकवर्गासमोर पूर्ण रंगीत तालीम होते. त्यात जे पडलं ते कापतात, क्रम बदलतात, आणि रात्री साडेअकराला दुसऱ्या प्रेक्षकांसमोर थेट प्रक्षेपण सुरू होतं. संवाद शेवटपर्यंत बदलत राहतात, म्हणून पाठांतराचा प्रश्नच येत नाही. मोठ्या पुठ्ठ्यांवर हातानं लिहिलेले संवाद कॅमेऱ्याशेजारी धरलेले असतात. नटाची नजर समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली की समजायचं, तो वाचतोय.

हे मला कोणी शिकवलं नाही. आपल्याकडे नटाचा कान प्रॉम्प्टरकडे लागलेला असतो, तो मी लहानपणापासून पाहिला आहे. एक नागपूरचा, एक ब्रह्मपुरीचा, नटी तिसऱ्याच गावची, आणि सगळ्यांची पहिली भेट त्याच संध्याकाळी रंग लावताना. रात्रभराचं नाटक प्रॉम्प्टरच्या गळ्यावर चालतं. पुण्या-मुंबईचे लोक याला नाक मुरडतात. न्यूयॉर्कच्या पुठ्ठ्यांना कोणी नाक मुरडत नाही.

त्यांचा शनिवार रात्रीचा कार्यक्रम आपल्याकडे रविवारी सकाळी नऊला येतो, थंडीत दहाला. यूट्यूबवर स्किट सुटी सुटी पडतात. मी ती मूळ क्रमानं लावून पाहते, कारण एपिसोड म्हणजे क्रम. पहिल्या अर्ध्या तासात काय ठेवलं, एक वाजत आला असताना कोणतं विचित्र स्किट सोडलं, यावरून त्या रात्री त्यांना कशाची खात्री होती आणि कशाची नव्हती ते कळतं. रंगीत तालमीनंतर कापलेली काही स्किटंही ते पुढे दाखवतात. ती मी हटकून पाहते आणि का कापलं असेल ते लिहिते.

1 मे 2004 च्या एपिसोडमधलं डेबी डाउनरचं स्किट घ्या. डिस्नेच्या हॉटेलात एक कुटुंब नाश्त्याला बसलेलं, आणि डेबी दर दुसऱ्या वाक्याला रोगराईचं किंवा अपघाताचं काहीतरी काढते. रेचल ड्रॅचला कॅमेऱ्याकडे पाहून तोंड पाडायचं होतं, आणि तिलाच हसू आवरेना. मग सगळं टेबल फुटलं. होरेशिओ सान्झनं तर ताटातल्या पदार्थानंच डोळे पुसले. नियमानं पाहिलं तर नटानं हसणं हा दोष. मी तो दोष म्हणून लिहिला, आणि खाली हेही लिहिलं की त्या रात्री तो दोषच स्किटला तारून गेला, कारण लेखनात चौथ्या वाक्यानंतर नवीन काहीच नव्हतं. यावर माझ्याशी भांडता येतं. भांडा, मला आवडेल.

आता आपल्याकडचं.

परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. सत्कार झाले, बातम्या आल्या, आनंदच झाला. पण त्यांच्या एखाद्या प्रयोगात कोणता प्रवेश रंगला आणि कोणता पडला, हे लिहिलेलं मला कधी वाचायला मिळालं नाही. झाडीपट्टीचं कौतुक होतं, परीक्षण होत नाही. हंगामात किती प्रयोग, किती उलाढाल, किती गर्दी, एवढंच छापून येतं. ज्याचं परीक्षण होत नाही ती कला आपण गंभीरपणे घेतलेली नसते, असं मला वाटत होतं, अजूनही वाटतं. म्हणून मी एका साप्ताहिकात लिहायला लागले होते. ते बहुतेकांना आठवत नाही, किंवा आठवत असून विचारतात.

मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे दिवस, धान निघालेलं. शेजारच्या गावचं नाटक. बारा वाजून गेल्यावर विनोदी नटाचा प्रवेश आला. चांगला नट. मध्येच माईक बंद पडला, तर त्यानं नुसत्या चालण्यावर आणि टोपी काढण्याघालण्यावर अख्खी कनात धरून ठेवली. मग माईक आला आणि तोतऱ्याचा प्रवेश सुरू झाला. तोतरा मुलगी पाहायला जातो, नाव सांगता येत नाही, सासरा त्याची नक्कल करतो. हे पुष्कळ वेळ चाललं. माझ्या पुढच्या ओळीत माझ्या वर्गातला एक मुलगा बसला होता. तो अडखळत बोलतो. आधी त्याच्या शेजारच्यानं वळून पाहिलं, मग मागच्यांनी, मग ओळीच्या ओळी. पोरानं दुपट्टा कानावरून ओढून घेतला आणि सगळ्यांबरोबर हसत राहिला, दोन्ही हात मांडीखाली दाबून. पुढच्या सोमवारी वर्गात त्यानं हजेरीला "हजर" म्हटलं नाही. हात वर केला.

मी लिहिलं. माईक बंद असतानाच्या त्या खेळाबद्दल भरभरून लिहिलं, आणि तोतऱ्याच्या प्रवेशाबद्दलही लिहिलं, की जो नट शब्दाशिवाय हसवू शकतो त्याला हे करायची गरज नाही. कात्रण व्हॉट्सअॅपवर फिरलं ते अर्धंच, खालचा भाग. पुढच्या एका मंडळानं वडशाच्या प्रेसला, म्हणजे नाटक पुरवणाऱ्या कंपनीला सांगितलं, तो नट नको. मग आणखी एकानं सांगितलं.

नटाची बायको शाळेत आली. भांडायला नाही. व्हरांड्यात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, "तुमी लिवलं थे खरं असन जी. पन तो प्रवेश का त्यानं लिवला? प्रेसवाला म्हनते कर, थो करते. लिवनाऱ्याचं नाव हँडबिलावर हाय का? दिवारी ते होरी, एवढेच तर महिने हायेत आमचे."

त्या काळात मी असं मानत होते की परीक्षकानं ओळखदेख कनातीबाहेर ठेवून आत बसावं. तशी मोठी वाक्यं मी लिहिलीही आहेत. आता त्या बाईला विचारावंसं वाटतं, म्हणजे तेव्हाच्या मला: आणि नटाचं घर कुठं ठेवायचं? ती लगेच मला उलट विचारते, आणि त्या पोराचे हात कुठं ठेवायचे? दोघींकडेही उत्तर नाही. मी एकही शब्द मागे घेतलेला नाही, घेणार नाही. पण त्यानंतर हंगामावर लिहिलंही नाही. न्यूयॉर्कमधल्या कोणाचं माझ्या मराठी परीक्षणानं काही जात नाही. तिथं मी पाहिलं तसं लिहू शकते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, आणि ते मला फारसं आवडत नाही. पण "तिकडचं भारी, आपलं हलकं" असं मी मानते, हे मात्र पुन्हा म्हणू नका. रात्रभर नाटक पाहून आल्यावर, न झोपता, सकाळी त्यांचा एपिसोड लावते मी. दोन्हीकडे एकाच डोळ्यांनी पाहते.

मागच्या हंगामात एक तरुण लेखक घरी आला. त्याचं पहिलं नाटक, हँडबिलावर पहिल्यांदा नाव. म्हणाला, "बाई, माह्या नाटकावर लिवा, जसं असन तसं." मी म्हटलं, लिहीन, पण होळीनंतर. हंगाम संपू दे, म्हणजे कोणाच्या तारखा जाणार नाहीत.

तो म्हणाला, "होरीनंतर कोन वाचते जी? आनि मी प्रवेश दुरुस्त कवा करू?"

त्याचंही खरंच आहे. अजून लिहिलेलं नाही.