खिडकी अखेर डोळ्याआधी पोचली

चमक गेली! प्रयोग असा: वाचणाऱ्याची नजर कॅमेऱ्याने टिपायची आणि पडद्यावर नजर जिथे आहे तेवढाच तुकडा, म्हणजे ‘खिडकी’, खरा दाखवायचा; बाकी पान गिचमिडीने झाकायचं. अडचण ही की ओळ संपवून डोळा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आला की तिथे क्षणभर गिचमीड दिसायची आणि मग शब्द उमटायचे. दिवाळीपासून सगळं काम त्यापायी अडून बसलं होतं. परवा रात्री तो प्रकार थांबला. बाकी बरंच अर्धवट आहे, पण हे आधी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मांडणी जवळपास मागच्या वेळचीच. कॅमेरा तोच, इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढलेला पीएस थ्री आय, म्हणजे प्लेस्टेशन ३ चा वेबकॅम. फक्त ६४० बाय ४८० ला ६० फ्रेम घेण्याऐवजी आता ३२० बाय २४० ला १२० घेतो. डोळ्याची बाहुली लहान दिसते, पण तिच्या कडेवर लंबवर्तुळ बसवून नजर काढायला तेवढी पुरते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, मित्राकडून उसना. डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकणारे एलईडी मात्र पुन्हा घ्यावे लागले. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर ८५० नॅनोमीटर (प्रकाशाची तरंगलांबी) छापलं होतं, पण अंधाऱ्या खोलीत लावले तर मिट्ट काळोख. ८५० चा एलईडी अंधारात मंद लालसर ठिपक्यासारखा दिसतो, हे ९४० चे निघाले. त्या टोकाला सिलिकॉनचा सेन्सर बराच मंद, म्हणून चित्रात नुसता रवा. शेवटी पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन, काउंटरखालच्या अंधारात एकेक पेटवून बघून घेतले. एलईडी आणि भाजी, दोन्ही हाताने निवडूनच घ्यावीत. आणि करंट कमीच ठेवा, न दिसणाऱ्या प्रकाशाला पापणी आपणहून मिटत नाही.

आता मूळ दुखणं. करायचं काय आहे हे जुन्या मंडळींना माहीत आहे: वाचनाचे अभ्यासक मॅकॉन्की आणि रेनर यांनी १९७५ साली इंग्रजीसाठी केलेला सरकत्या खिडकीचा प्रयोग मराठी मजकुरावर. नजर जिथे आहे तिथलीच अक्षरं खरी, बाकी पान झाकलेलं. वाचताना डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही; पाव सेकंदाच्या आसपास थांबतो, तीसेक मिलिसेकंदांची उडी मारतो, पुन्हा थांबतो. खिडकीने त्याच्याबरोबर उडी मारायची आणि वाचणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

मला लागत होता. म्हणून आधी उशीर मोजला. आर्डुइनो या छोट्या सर्किट-बोर्डवर दोन एलईडी, एक विझला की दुसरा पेटतो, म्हणजे सॉफ्टवेअरला वाटतं डोळ्याने उडी मारली. पडद्याच्या कोपऱ्यात चिकटवलेला फोटोट्रान्झिस्टर (प्रकाश ओळखणारा सुटा भाग) खिडकी हलल्याची वेळ टिपतो. आकडा आला ७१ मिलिसेकंद. त्यातले काही जुन्या कॅमेरा-सेटिंगचे, काही डेस्कटॉपच्या कंपोझिटरचे, म्हणजे पडद्यावरचं अंतिम चित्र जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचे (तो बंद करा, तो तुमच्या फ्रेम परस्पर दाबून ठेवतो), आणि काही पाच फ्रेमची सरासरी काढणाऱ्या माझ्या लाडक्या फिल्टरचे. फिल्टर काढला तर खिडकी थरथरायला लागली, आणि थरथरणारी कड नजरेला हमखास ओढते. त्यावर तोडगा असा निघाला की डोळा थांबलेला असताना खिडकी खिळ्याने ठोकल्यागत स्थिर, वेगाने उंबरठा ओलांडला तरच ती हलणार. सरासरी फक्त थांब्यावर. आकडा ३८ वर आला. त्या दिवशी घरात मीच मला चहा पाजला.

तरी चमक होतीच. कमी, पण होती.

माझा भरवसा होता तो उडीतल्या आंधळेपणावर. आरशात स्वतःच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे बघा, डोळे हललेले कधीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या माणसाला मात्र स्पष्ट दिसतात. मानसशास्त्रज्ञ रेमंड डॉज यांनी हे १९०० मध्येच मांडलं. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात मात्र दिसतात, कारण फोन चित्र जरा उशिरा दाखवतो आणि तोवर डोळा उतरलेला असतो. मग ३८ मिलिसेकंदांचा उशीर उडीच्या पडद्याआड का लपत नाही?

उत्तर कॅम्पबेल आणि वुर्ट्झ यांच्या १९७८ च्या प्रयोगात होतं. खोलीत फक्त उडीपुरताच प्रकाश पाडला तर माणसाला फराटा दिसतो. तोच प्रकाश डोळा उतरल्यावरही थोडा वेळ राहू दिला की फराटा नाहीसा. म्हणजे उडीत डोळा पूर्ण आंधळा नसतो. उतरल्यावरचं पहिलं स्थिर चित्र आधीचा गोंधळ पुसून टाकतं. मेंदू पदरात घेतो ते उतरल्यावरचं चित्र. माझ्या पानावर ते नेमकं गिचमिडीचं होतं.

पण सगळ्या उड्यांत नव्हे, आणि इथे नोंदींनी वाचवलं. चमक दिसली की स्पेसबार दाबायचा असं ठरवलं होतं. ती सगळी दाबादाबी डावीकडच्या मोठ्या उड्यांनंतर होती. साहजिकच आहे! पुढे जाणारी उडी लहान, आणि खिडकी उजवीकडे लांबवर उघडी, त्यामुळे डोळा उतरतो तो उघड्या मजकुरावरच. दूरची कड उशिरा सरकली तर कोण बघतंय? परतीची उडी मात्र थेट झाकलेल्या मजकुरात. खिडकी बिचारी डोळ्याच्या मागे धावत, तो बसल्यावर ३८ मिलिसेकंदांनी पोचणार.

मग मागे धावायचंच कशाला? डावीकडे मोठ्या वेगाने निघालेला डोळा जाऊन जाऊन जाणार कुठे, तर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. मागच्या शब्दावर परतणाऱ्या छोट्या उड्यांचा वेग तेवढा चढत नाही. उडी जितकी लांब तितका तिचा कमाल वेग जास्त, हे नातं चांगलं पक्कं आहे. माझी ओळ ६० सेंटिमीटरवरून साधारण २० अंशांची. एवढ्या उडीला साठ-पासष्ट मिलिसेकंद लागतात आणि वेग सेकंदाला ४०० अंशांच्या वर जातो. डावीकडचा वेग २५० ओलांडला की डोळा वाटेत असतानाच खिडकी पुढच्या ओळीच्या तोंडाशी ठेवून द्यायची. काठावर पास होतं, पण होतं. कोणी वरच्या ओळीवर परतलं तर अजून फसतं, ते चालवून घेतोय.

पहिलं गिऱ्हाईक मावशी. तिला काही न सांगता हनुवटी स्टँडवर टेकवायला लावली, नऊ ठिपक्यांकडे बघायला लावून कॅलिब्रेशन, म्हणजे नजर आणि पडदा यांची जुळणी, केलं आणि पान दिलं. मी तिच्या मागे उभा. मला दिसत होतं ते भयाण: पानभर गिचमीड आणि त्यात टुणटुण उड्या मारणारा एक उघडा तुकडा. मावशीने पान शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "अरे, एवढं सामान लावलंस आणि साधंच पान दाखवलंस?" मावशी, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही गं.

झाकायचं कशाने हा वादही बहुधा मिटला. इंग्रजीत एकाच रुंदीची अक्षरं घेऊन प्रत्येकाजागी एक्स टाकला की झालं. आपल्याकडे एक अक्षर बदललं की जोडाक्षराची रुंदी बदलते आणि सगळी ओळ सरकते. म्हणून पान दोनदा रंगवून ठेवतो, खरं आणि झाकलेलं, आणि नजरेप्रमाणे चित्रच कापून जोडतो. कापताना कड पिक्सेलवर न ठेवता पूर्ण अक्षरावर आणतो, नाहीतर ‘कि’ची वेलांटी उघडी आणि क गिचमिडीत. शिरोरेखा तशीच ठेवली आहे, शब्द कुठे तुटतो ते कळावं म्हणून. ती पुसूनही बघायला हवं, पण ते नंतर.

इंग्रजी वाचकाला डावीकडे तीन-चार आणि उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरांपर्यंतचा उपयोग होतो. हिब्रूत हा तोल डावीकडे झुकतो, कारण वाचन त्या दिशेने. देवनागरीत हे मोजायचं कशात, अक्षरांत की अंशांत, यावर तुमची मतं हवी आहेत. मी सध्या अंशांकडे झुकलोय, कारण ‘स्त्र्य’ आणि ‘र’ यांना एकाच मापाने मोजायला हात धजत नाही.

पुढचा हप्ता यार्बुसच्या (चित्र बघताना नजर कुठे कुठे फिरते हे नोंदवणारा रशियन संशोधक) धर्तीवर चित्र बघण्याचा असेल असं म्हटलं होतं. तो पुढे ढकलतो. हे लिहिता लिहिताच सुचलं: डोळा निघाल्याचं जर उतरण्याआधी कळतंय, तर खिडकीच का, पुढची ओळच अंशभर बाजूला सरकवता येईल. ब्रिजमन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलंय की उडीच्या दरम्यान लक्ष्य सरकवलं तर बरेचदा कळत नाही. तसंही परतीची उडी अनेकदा थोडी आखूड पडते आणि डोळा एक छोटी दुरुस्तीची उडी घेतो. ओळ डोळ्याच्या बाजूला सरकवली तर ती दुरुस्ती नाहीशी होते का, हे नोंदीत सरळ दिसेल. कोडमध्ये चार ओळींचा बदल. मॉनिटर मित्राला परत द्यायच्या आत मावशीला अजून एक साधंच पान वाचायला लावतो.