गॅसकेट बदलण्याआधी ती का गेली ते शोधा

अण्णांच्या मारुती 800 ची हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकणासारखं हेड यांच्या मधला सील, मी या मे महिन्यात घरच्या अंगणात बदलली. गाडी 1997 ची, कार्बोरेटरवाली, 796 सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन. रत्नागिरीहून येताना आंबा घाटात तापमानाचा काटा लालवर चढला, तशी अण्णांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. रेडिएटरचं झाकण उघडलं नाही, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं नाही. हेडला तडा गेला नाही तो यामुळेच. पुढे कोल्हापूरपर्यंत टोचन लावून आणली.

हेड उतरवायच्या आधी खात्री करून घेतली. ऑइलच्या झाकणाखाली पांढुरका चिकट थर दिसला की ऑइलमध्ये पाणी शिरलं समजून लोक घाबरतात. पण पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही साठतो. त्यावरून इंजिन खोलू नये. आमच्या गाडीत मात्र डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही दुधी झालं होतं. गार इंजिन झाकण काढून चालू केलं तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते, म्हणजे सिलेंडरमधला वायू पाण्यात शिरत होता. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं, तर पहिला सिलेंडर ठणठणीत. दुसरा आणि तिसरा दोन्ही निम्म्याच्या आसपास. शेजारशेजारचे दोन एकदम पडले, म्हणजे त्यांच्या मधली गॅसकेटची पट्टी गेली.

उतरवण्याचं काम वेळखाऊ आहे, अवघड नाही. पाणी आणि ऑइल काढलं, बॅटरी सोडली, टायमिंगच्या खुणा जुळवून टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या फिरण्याशी जुळवणारा पट्टा) काढला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता. हेडचे बोल्ट बाहेरच्या टोकांपासून आत येत, थोडे थोडे करून सैल केले. एकच बोल्ट एकदम मोकळा केला तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. चिकटलेलं हेड रबरी हातोड्याने हलवलं. तिथे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. एक ओरखडा पडला की नवी गॅसकेट तिथूनच गळणार.

दोन आणि तीनच्या मध्ये जळकी काळी रेघ स्पष्ट दिसत होती.

हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन मर्यादेबाहेर तापलं की हेड फुगतं, वर बोल्ट त्याला सोडत नाहीत, आणि मधली गॅसकेट चेपते. गार झाल्यावर हेड मागे येतं, पण चेपलेली गॅसकेट पुन्हा फुगत नाही. तिथे पकड सुटते आणि जळणाऱ्या वायूला वाट मिळते.

म्हणून हेडचा तळ तपासल्याशिवाय नवी गॅसकेट टाकण्यात अर्थ नाही. सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी धरून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, सरकवून पाहिला. 0.05 मिलिमीटरची पाती जायला नको. ती आरामात गेली. हेड घेऊन उद्यमनगर गाठलं. तिथल्या मशीन शॉपमधल्या काकांनी पट्टी लावली आणि म्हणाले, "ताई, मधनं बसलंय बघा. फेस मारतो, पन जेवढं लागंल तेवढंच. जास्त काढलं की कॉम्प्रेशन वाढतंय." फेस मारणं म्हणजे तळ मशीनवर घासून सपाट करणं. त्यांनी आधी हवेच्या दाबाने पाण्यात बुडवून तडा नाही ना ते पाहिलं. तडा असता तर फेसिंगचा खर्च वाया गेला असता. काम जाणणाऱ्या माणसाचा हा क्रम मला फार आवडला.

ब्लॉकवरची जुनी गॅसकेट मी प्लास्टिकच्या पातीने खरवडली. ग्राइंडरला पॉलिशची चकती लावून मिनिटात साफ करणारे असतात. त्या चकतीची बारीक पूड ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत पोहोचते. बोल्टची भोकंही कापडाने कोरडी केली. तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळला गेल्यासारखा वाटतो, हेड मात्र दाबलं गेलेलं नसतं.

गॅसकेट कोरडीच बसवली, खूण वर ठेवून. चिकटवायचं सोल्यूशन नाही, रंग नाही. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. "हाताला कळतं" हे मी या एका कामात मानत नाही. आठही बोल्टांचा ताण सारखा हवा, आणि तो हाताला कळत नाही.

आता मूळ कारण. रेडिएटर उलट्या बाजूने धुतला, तर निम्म्या नळ्यांतून पाणी जेमतेम झिरपत होतं. गाडी आमच्याकडे येण्याआधी वर्षानुवर्षं तिच्यात बोअरचं पाणी भरलं गेलं होतं. त्यातला चुना आत धरला होता. वर कुणीतरी थर्मोस्टॅटही (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला होता, "आपल्याकडे काय गरज" म्हणून. थर्मोस्टॅट नसला की इंजिन एरवी हवं तेवढं तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं. रेडिएटर दुरुस्तीपलीकडे होता, नवा घातला. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचं झाकणही नवं. त्या झाकणाकडे कुणी बघत नाही, पण त्याच्यावरचा 0.9 (बार, म्हणजे दाब) हा आकडा महत्त्वाचा आहे: तेवढ्या दाबाखाली पाणी 100 अंशांना न उकळता 118 च्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की ही सगळी सूट संपते. आत आता निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

जुन्या ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं असल्याने स्वस्तातलं ऑइल घालून गाडी थोडी फिरवली आणि फिल्टरसकट पुन्हा बदललं. कोपऱ्याकापऱ्यात राहिलेलं पाणी पहिल्या ऑइलबरोबर निघतं. दुसऱ्यांदा काढलेलं ऑइल उन्हात धरून पाहिलं. दुधीपणा नव्हता.