देवधान: खोल पाण्यातलं सुटलं, काठावरचं अडलं

रुफिपोगॉनच! देवधान म्हणजे जंगली धान. त्याच्या दोन जातींत आपला गोंधळ होता: खोल पाण्यातला, वर्षानुवर्षं जगणारा रुफिपोगॉन (Oryza rufipogon) आणि उथळ पाण्यातला, वर्षायू म्हणजे वर्षभरात संपणारा निवारा (Oryza nivara). भंडाऱ्याकडच्या एका मामा तलावातलं (मालगुजारी काळातल्या जुन्या तलावातलं) गवत यातलं कुठलं, यावर घोडं अडलं होतं; त्याचे ताजे परागकोश (पुंकेसरांच्या टोकाच्या परागाच्या पिशव्या) अखेर मिळाले. फुलं सकाळी उमलतात आणि दुपारी बघावं तर हाती काही लागत नाही. म्हणून या खेपेला एका ढीवरभाऊंच्या डोंग्यातून भल्या सकाळीच मध्यावर गेलो. आलेख-कागदावर परागकोश ठेवला तर चांगला पाच मिलिमीटर भरला. निवाराचा अडीचच्या पुढे सहसा जात नाही. एकेका फुलात सहा पुंकेसर झुलताना दिसले, तेव्हा फार बरं वाटलं. बहुतेक गवतांत ते तीनच असतात.

हे धानासारखं दिसणारं लीर्सिया गवत तर नाही ना, अशी शंका काढणाऱ्यांसाठी: कणिशकाच्या (लोंबीतल्या एकेका दाण्याच्या घटकाच्या) बुडाशी दोन बारीक वांझ तुसं स्पष्ट आहेत, लीर्सियात ती नसतात. जिभली (पान काडीला मिळतं तिथला पातळ पापुद्रा) लांब आणि टोकाला दुभंगलेली, कुसळही भरपूर लांब. हे सगळं साध्या दहापट भिंगातून दिसलं. मोबाइलला अडकवायची स्वस्त लेन्स मात्र घेऊ नका, कडेला सगळं पसरट दिसतं आणि मापच घेता येत नाही.

आता डोकेदुखी. काठालगत, जिथं पाणी हिवाळ्यातच आटतं, तिथं बुटके, ताठ झुबके आहेत. मध्यावर फुलोरा चालू असताना यांच्या लोंब्या झडूनही गेल्या होत्या. वर्षायू सवय, उथळ पाणी, लवकर फुलणं, सगळं निवाराकडे बोट दाखवतं. पण परागकोश एकही उरलेला नाही! त्यात पलीकडे लगेच धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं) आहेत. जंगली आणि लागवडीच्या धानाचा संकर सहज होतो, त्यामुळे मधल्या पट्ट्यातली अर्धवट उंचीची झाडं कुठल्या खात्यात टाकायची हे कळत नाही. शर्मा आणि शास्त्री यांनी 1965 मध्ये निवारा वेगळी जात म्हणून मांडली; काही जण तिला रुफिपोगॉनचंच वर्षायू रूप मानतात. मला दोन नावं हवीतच, कारण जागा सांगताना तीच कामी येतात.

पुढच्या पावसाळ्यात लोंब्यांना आधीच कागदी पिशव्या बांधायच्या, म्हणजे झडलेले दाणे तरी हाती लागतील, असं ठरवलं होतं. पण हे लिहितानाच सुचलं, तोवर थांबायचं कशाला? निवारा दाणे पिकले की मरतो, रुफिपोगॉन जगतो. उन्हाळ्यात ओल टिकते त्या भागात पाणकाठापासून धुऱ्यापर्यंत (शेताच्या बांधापर्यंत) दोरी टाकून हिरवे फुटवे कुठवर आहेत ते पाहिलं, तर निम्मा गुंता सुटेल. बेशरम हे तण माजलेला कोपरा सोडून देतो, तिथं देवधानाला जागाच उरलेली नाही. एप्रिलमध्ये गोंदियाकडच्या तलावांवर कोणी जाणार असेल, तर पेरांना मुळं फुटलेल्या काड्यांचे फोटो घ्या, आणि शेजारी पट्टी ठेवायला विसरू नका.